नकाशातल्या शेळ्या

सिताबाईच्या जागी दुसरं कुणी असतं तर घराचा नकाशा बघून हरखून गेलं असतं. हॉल, किचन, दोन खोल्या, वर जायला जिना, दारात पोर्च. मुरुम गावाच्या नव्या वस्तीत असं घर उभं राहायचं म्हणजे काय गंमत आहे का? पण सिताबाईनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर इकडून तिकडं एकदा नजर फिरवली आणि पहिलाच सवाल टाकला, "हे दारात कासव कशाला काढलंय?"

सोमेशनं चष्मा वर सरकवला. सोमेश म्हणजे घराचे नकाशे काढून परवानगीचा अर्ज भरून देणारा इंजिनियर. झेरॉक्सच्या दुकानाशेजारून लोखंडी जिन्यानं वर गेलं की त्याचं ऑफिस. पोरगं हुशार, तोंडानं गोड, पण आजवर त्याच्या नकाशात कुणाला कासव सापडलं नव्हतं.

"कासव कुठंय, मावशी?"

"हे काय. देवळात गाभाऱ्याच्या म्होरं असतंय तसं. माणसाच्या दारात कुणी कासव घालतंय का?"

"ती गाडी आहे, मावशी. कार. वरून बघितली की अशी दिसते. पार्किंगची जागा आहे ती."

सिताबाईनं लेकाकडं मान वळवली. धनाजी तिचा एकुलता एक. वायरमनची नोकरी लागली तेव्हापासून तो मुरुमात भाड्याच्या खोल्यांत राहत होता, आणि प्लॉट घेतल्यापासून म्हातारा-म्हातारीही तिथंच होती.

"तू गाडी घेतलास व्हय रं?"

"न्हाय गं माय. नियम हाय. गाडी असू दे नसू दे, नकाशात जागा दाखवायलाच लागती."

सिताबाई गप बसली. ती गप बसली की घरातली माणसं एरवी सावध होतात. पण त्या दिवशी धनाजी नकाशाच्या नादात होता. पडद्यावर बोट ठेवून तो सांगत होता, "ही बघ, ही तुझी आन् आप्पाची खोली. उगवतीकडं काढायला लावली. सगळ्यांत मोठी. संडास, न्हाणी आतल्या आत. कुठं बाहेर जायची गरज न्हाय."

खोटं कशाला बोला, पोरानं मनापासून केलं होतं. म्हाताऱ्या माणसांची पथारी जिन्याखाली ढकलणारे लोक काय कमी आहेत? पण सिताबाईचं त्या खोलीकडं लक्षच नव्हतं. तिनं विचारलं, "आन् शेळ्या कुठं काढल्या?"

सोमेशला वाटलं मावशी थट्टा करतायत, म्हणून तो हसला. धनाजी हसला नाही.

शेळ्या चार होत्या. उस्मानाबादी जातीच्या, काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या. जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात, पण शेळीला तिचं जुनंच नाव चालतं, तिची काही तक्रार नाही. माकणीकडच्या माळावर सिताबाईचा आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे सिदूआप्पाचा, मोठा कळप होता. हा प्लॉट घेतला तेव्हा तो कळप विकला. बाईच्या नावावर घेतलं की सरकार सूट देतं, म्हणून प्लॉट सिताबाईच्या नावानं झाला, आणि कळपातल्या चार शेळ्या तिनं हट्टानं मागं ठेवल्या. त्यातली म्हातारी ती चांदी. काळ्या शेळीचं नाव चांदी का, असं विचारू नका. सिताबाईला वाटलं, ठेवलं.

"शेळ्या इकायच्या ठरल्यात की, माय," धनाजी म्हणाला.

"कुणी ठरवलं?"

धनाजीनं शेजारी बसलेल्या बापाकडं बघितलं. सिदूआप्पानं वर छताकडं बघितलं आणि म्हणाला, "पंखा लई जोरात फिरतोय इथला."

सिताबाईनं नवऱ्याचा नाद सोडला आणि सोमेशला विचारलं, "मागनं एखादं छप्पर टाकलं तर चालतंय का रे, लेकरा?"

"अजिबात नको, मावशी. नकाशात जे नाही ते बांधलं की नोटीस येते. काढायला लावतात."

हे वाक्य सोमेश येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. परवानगी मिळाली रे मिळाली की लोक बाल्कनी पुढं ओढतात आणि निस्तरायला त्याला बोलावतात, म्हणून. पण सिताबाईच्या मनात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं. नसलेल्या गाडीला दारात जागा, आणि असलेल्या शेळ्यांचा पत्ता नाही. आणि आज नकाशात आल्या नाहीत तर पुन्हा कधीच येणार नाहीत.

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन टुणकन वाजला.

"आला बघा ओटीपी," सोमेश म्हणाला. "प्लॉट तुमच्या नावावर आहे ना, म्हणून तुमची संमती लागते. तेवढा नंबर सांगा, की अर्ज गेला नगरपरिषदेत."

सिताबाईनं पिशवीवर हात दाबला. "ओटीपी सांगायचा नसतोय."

"आं?"

"बचत गटाच्या बैठकीला बँकेतले साहेब आलते. सांगून गेलेत. ओटीपी कुणी बी मागू दे, सख्ख्या पोराला बी द्यायचा न्हाय."

"तो बँकेचा, मावशी. हा घराचा आहे."

"साहेबानं असलं काय बोललं न्हाय. ओटीपी म्हंजी ओटीपी."

आता ह्या दोन्हींतला फरक तिला कळत नव्हता असं समजू नका. चांगला कळत होता. पण अडाण्याचं सोंग घ्यायला तिला कधी लाज वाटली नाही, आणि त्या घडीला हातात दुसरं हत्यार नव्हतं. नंबरची मुदत संपली. सोमेशनं दुसरा पाठवला. तोही पिशवीत वाजला आणि पिशवीतच मेला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. धनाजी जेवला नाही. त्याची बायको ज्ञानेश्वरी, ती बोलायला चांगली, मनानंही वाईट नाही, पण नव्या घराच्या पांढऱ्या फरशीचं वेड डोक्यात घेतलेलं. भाकरी थापता थापता ती सासूला म्हणाली, "आत्या, मी काय म्हणते, हॉलमधी पाव्हणे बसल्यावर मागनं वास आला तर बरं दिसंल का? माझ्या माहेरची माणसं काय म्हणतील?"

"तुझ्या माहेरात म्हशी हायत्या की."

"त्या गावाकडं हायत्या, आत्या. हे शहर हाय."

"मुरुम व्हय?" सिताबाई म्हणाली, आणि कालवणात मीठ जास्त पडलंय असं सांगून विषय संपवला.

पुढं धनाजीनं बाजारातला एक व्यापारी शेळ्या बघायला धाडून दिला. सिताबाईनं त्याला बाज टाकून दिली, चहा दिला आणि एकेक शेळी दाखवली. "ही चांदी. दिसायला बरी हाय, पण माणसाला मारती. ती पलीकडची, तिला दूधच न्हाय. तिसरी पाला खात न्हाय, पोरांची पुस्तकं खाती. चौथीचं तर काय सांगू, तुमचं नुकसान झालेलं मला बघवायचं न्हाय."

"मग मावशी, तुम्ही कशाला ठेवल्यात?"

"नाद लागलाय. दुसरं काय?"

व्यापारी चहा पिऊन गेला. तो दिसेनासा झाल्यावर सिताबाई शेळ्यांत जाऊन बसली, चांदीचे कान हातात घेतले आणि म्हणाली, "मनावर घिऊ नका गं. बोलावं लागलं."

मग धनाजीनं शेवटचा उपाय म्हणून बापाला मधी घातलं. सिदूआप्पा मोठ्या तयारीनं बायकोसमोर जाऊन बसला, पानाची पिशवी काढली, घसा खाकरला.

"अगं, लेकरू येवढं करायलंय आपल्यासाठी."

"करायलंय की."

"मग शेळ्यांचं तेवढं सोड."

"सोडते. तुमी उद्या सकाळी उठून कुठं जाणार?"

सिदूआप्पा विचारात पडला. रोज सकाळी शेळ्या घेऊन तो ओढ्याच्या कडेला जायचा. तिथं त्याच्यासारखीच दोन-तीन म्हातारी यायची, पान-तंबाखू व्हायची, साऱ्या तालुक्याचं राजकारण निकालात निघायचं. नुसताच हात हलवत ओढ्याला गेला तर लोक विचारतील, आप्पा, काय काम काढलं?

त्यानं पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि उठून लेकाकडं गेला. "तिचं बराबर हाय."

"आप्पा, तुमाला कशाला धाडलं होतं?"

"ते बी बराबर हाय," म्हातारा म्हणाला.

असे काही दिवस गेले. सोमेशचा फोन यायचा, ओटीपी यायचा, पिशवीत वाजायचा. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, सिताबाई, आज आला का नंबर? सिताबाई हसून उत्तर द्यायची, पण आतून तिला गोड लागत नव्हतं. लेक समोरून निघून जातो आणि बोलत नाही, हे कुठल्या आईला सोसतं? चांदीची दोरी सोडावी आणि नंबर सांगून मोकळं व्हावं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं ठरवलं, सोडायचंच तर नीट विचारून सोडू. जो माणूस शिक्का मारतो त्यालाच विचारू.

दुसऱ्या दिवशी शेळ्या आणि नवरा दोन्ही नगरपरिषदेच्या कडुनिंबाखाली ठेवून ती आत गेली. बांधकाम परवान्याचं काम महेश्वरी मॅडम बघत होत्या. वयानं ज्ञानेश्वरीएवढ्या, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगाआड डबा.

सिताबाईनं नमस्कार केला. "बाई, मला येवढंच सांगा. नकाशात शेळ्या दाखवता येतेत का न्हाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शेळ्या?"

"चार हायत्या. गाडी न्हाय, तर ती दाखवलीया. शेळ्या हायत्या, त्या दाखवल्या न्हाईत. आमचा इंजिनियर म्हणतोय, नकाशात न्हाय ते तुमी काढायला लावता."

मॅडम हसल्या नाहीत, हे सिताबाईनं लगेच हेरलं. त्यांनी प्लॉट कुठला, केवढा, कुणाच्या नावावर, नकाशात काय काय काढलंय, सगळं विचारलं आणि कोऱ्या कागदावर चौकोन काढला. "हे बघा, आजी. लोक काय करतात, परवानगी घेताना काही बोलत नाहीत आणि मागच्या मोकळ्या जागेत शेड ठोकतात. ती जागा मोकळीच सोडावी लागते. म्हणून अडचण येते. तुम्ही शेड आधीच घराच्या बांधकामात धरून दाखवा. शेजाऱ्याकडची भिंत बंद ठेवा, आतलं पाणी शोषखड्ड्यात काढा. मग माझी हरकत कशाला असेल?"

"म्हंजी चालतंय?"

"चालतं. पण तुमच्या प्लॉटवर बांधायचं तेवढं सगळं नकाशात आधीच आलेलं दिसतंय. शेड घालायची तर घरातली कुठली तरी जागा कमी होईल. कुठली, ते तुम्ही ठरवा."

"ते पोरगं ठरवंल."

"पोरगं कसं ठरवेल? अर्जदार तुम्ही आहात, आजी. तुमच्या संमतीशिवाय अर्ज माझ्याकडं येतच नाही."

अर्जदार. धनाजीनं तर नुसतं "हितं सही कर" एवढंच सांगितलं होतं. सिताबाई बाहेर आली तेव्हा तिची चाल बदलली होती. कडुनिंबाखाली सिदूआप्पाला डुलकी लागलेली, आणि चांदी भिंतीवरच्या कसल्याशा जाहिरातीचा कोपरा चघळत होती. सिताबाईनं तिच्या तोंडातून कागद ओढून काढला. "अवो, उठा. म्या अर्जदार हाय."

"व्हय का?" सिदूआप्पा दचकून म्हणाला. "मग आता?"

"आता चला सोमेशकडं."

सोमेशनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "मॅडम म्हणाल्या तर होईल, मावशी. पण जागा कुठली कमी करू?"

"माझी खोली. निम्मी कर. दोन म्हाताऱ्या माणसांना येवढी खोली काय लग्न लावायला पायजे?"

सोमेशनं मान डोलावली, आणि ती खाली शेळ्यांकडं बघायला गेली तशी मागल्या मागं धनाजीला फोन लावला. धनाजी मोटरसायकलवर आला, मागं ज्ञानेश्वरी. लोखंडी जिना दणादणा वाजला. माय परत वर येऊन खुर्चीत बसली होती.

"माय, तू खोली निम्मी करायला सांगितलीस?"

"सांगितली."

"काय मिळायलंय गं तुला ह्यात?" धनाजीचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "मला काय शेळ्यांची लाज वाटती असं वाटतंय व्हय तुला? मागल्या उन्हाळ्यात बांधावरनं घसरलीस, गुडघा धरून बसलीस. मी खांबावर चढलेलो. फोन आला तसा कसा खाली उतरलो, माझं मला ठावं. आयुष्यभर उनात फिरलीस. आता तरी सावलीत बसावं म्हणून खोली येवढी काढली मी. आन् तू तीच कापाया निघालीस."

हे त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. सिताबाईला वाटत होतं, पोरगं शहराचं झालं, त्याला मायचा वास येतो. आणि पोरगं भीत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धना," मग ती म्हणाली, "सावलीत बसून काय करू रं? माकणीला मला सगळी सिताबाई म्हणायची. हितं आले, तर गल्लीत कुणाला नाव ठावं नव्हतं. वायरमनची माय, येवढंच. चांदीला घिऊन दोन-चार दिस रस्त्यानं गेले, तशा बायका हाका मारायला लागल्या. कुणाच्या लेकराला दूध पायजे, कुणाला लेंड्या पायजेत कुंडीला. शेळ्या गेल्या तर त्या खोलीत नुसती तुझी माय उरंल. सिताबाई न्हाय उरायची."

सिदूआप्पानं सवयीनं पंख्याकडं बघितलं, पण बोलला नाही.

बोलली ती ज्ञानेश्वरी. पदर नीट करत सोमेशला म्हणाली, "भाऊ, खोलीला हात लावू नका. हॉलमधलं घ्या."

"हॉल बारका होईल, वहिनी."

"हू द्या. पाव्हणे काय रोज येतेत? आन् माझ्या माहेरची आली तर दोघं हॉलमधी बसतील, दोघं आत्याच्या खोलीत. पण फरशी पांढरीच पायजे, ते आधीच सांगून ठेवते."

सिताबाईनं सुनेकडं बघितलं. त्या बाईला हॉल किती प्यारा होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "वास आला तर?" तिनं विचारलं.

"तुमीच रोज झाडणार, मग कसा यील?"

धनाजीनं नाक पुसलं. "एक अट हाय माझी. लांब रानात जायचं न्हाय. पाला मी आणून टाकीन. वस्तीतल्या वस्तीत फिरवायच्या."

"ओढ्यापतूर," सिदूआप्पा घाईनं म्हणाला.

"ओढ्यापतूर," धनाजी म्हणाला.

सोमेशनं माऊस हातात घेतला. हॉल आत सरकला, जिना थोडा हलला, आणि मागच्या बाजूला, सिताबाईच्या खोलीला लागून, एक बुटका चौकोन आला. "खोलीची खिडकी शेडकडं काढू का, मावशी?" सिताबाईनं नुसती मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला.

मग फोन वाजला.

सगळ्यांनी पिशवीकडं बघितलं. सिताबाईनं फोन काढला आणि धनाजीपुढं धरला. धनाजीनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "मला सांगू नगंस. सख्ख्या पोराला द्यायचा नसतोय."

ज्ञानेश्वरी पदरात तोंड खुपसून हसली. सिताबाईनं लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि एकेक आकडा असा ठासून सांगितला की खाली झेरॉक्सवाल्यानंही ऐकला असेल.

परवानगी आली. महेश्वरी मॅडमनी जागेवर येऊन बघितलं, शोषखड्डा कुठं येणार ते विचारलं, आणि जाताना चांदीला लांबूनच हात केला. पाया खणायच्या आदल्या दिवशी गवंड्यांनी पांढऱ्या फक्कीनं प्लॉटवर सगळं घर आखलं. हॉल, किचन, खोल्या, शेड, दारातलं पार्किंग, सगळं जमिनीवर उतरलं. सिताबाईच्या माहेरची रीत अशी की नव्या जागेत पहिलं पाऊल शेळीचं, मग माणसाचं. धनाजीनं चांदीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात शेवंतीची माळ घातली आणि दोरी धरून दाराच्या जागेकडं न्यायला लागला. चांदी दोन पावलं चालली आणि पार्किंगच्या चौकोनात, बरोबर मधोमध, पाय मुडपून बसली. मग गळ्यातली माळ खायला लागली.

"अगं ऊठ की, तुझी जागा मागं हाय," धनाजी दोरी ओढत म्हणाला. चांदी कसली उठते? तिनं गळा लांब केला आणि माळेचं दुसरं टोक तोंडात घेतलं.

"राहू दे," सिदूआप्पा म्हणाला. "तेवढी गाडी तरी आली दारात."

गवंडी हसायला लागले. त्या गडबडीत सिताबाई एकटीच चप्पल काढून आत गेली. हॉलमधून, किचनच्या कडेनं, फक्की पुसणार नाही अशी जपून पाऊल टाकत ती उगवतीकडच्या खोलीत पोचली आणि मातीवर बसली. ऊन थेट अंगावर येत होतं. एका हाताला शेडची रेघ दिसत होती. तिनं चहूकडं बघितलं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मग हाक मारली.

"धना, लई मोठी काढलास रं खोली."

धनाजीच्या हातात अजून दोरीच होती. तो दोरी धरून तसाच उभा राहिला.

"माय, तू आत्ता बघायलीस व्हय?"

"व्हय," सिताबाई म्हणाली. "आत्ताच बघितली."